अबाधित मालकी हक्क म्हणजे नेमकं काय? कोणाविरुद्ध, कधीपासून, आणि कुठे उसवतो

कागदी_घोडा (धागाकर्ता)

'इनडिफीजिबल' या शब्दाचं मराठी कोणी 'अबाधित' करतं, कोणी 'अविच्छेद्य', कोणी 'अभेद्य'. काही ठिकाणी 'निर्विवाद' असंही दिसतं, आणि ते साफ चूक आहे. ज्यावर वाद होऊच शकत नाही असा हक्क जगात नाही. वाद होतो, खटला उभा राहतो, वर्षानुवर्षं चालतो. फक्त शेवटी समोरचा हरतो.

शब्दाच्या पोटात 'डिफीजन्स' आहे. जुन्या कायदेशीर फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ केलेलं उलगडणं, विणलेलं उसवणं. इंग्लंडमध्ये या नावाचा स्वतंत्र दस्तच असे. एका कागदाने जमीन सावकाराच्या नावे पक्की लिहून द्यायची, आणि दुसऱ्या कागदात लिहायचं की अमुक तारखेला पैसे परत आले तर पहिला कागद रद्द. हा दुसरा कागद म्हणजे पहिल्याची उसवण. ज्या हक्काला असा धागा ओढून उसवता येत नाही तो इनडिफीजिबल. मी पुढे 'अबाधित' वापरतो, कारण तो तोंडात बसलेला शब्द आहे.

त्याचे दोन चुलतभाऊ वेगळे ठेवा. 'अहस्तांतरणीय' म्हणजे धारकाला स्वतःहूनही देऊन टाकता येत नाही असा, उदाहरणार्थ मताचा हक्क. 'कालबाह्य न होणारा' म्हणजे कितीही वर्षं वापरला नाही तरी मुदतीने न संपणारा. अबाधित हक्काचा रोख तिसरीकडेच असतो: मागच्या व्यवहारातल्या दोषामुळे किंवा दुसऱ्याच्या जुन्या दाव्यामुळे तो पडत नाही. म्हणून अबाधित मालकीची जमीन खुशाल विकता येते, गहाण टाकता येते, आणि सरकारला सार्वजनिक कामासाठी संपादितही करता येते. संपादनात कोणी मागचा दोष उकरत नाही, आजच्या मालकाकडूनच हक्क घेतला जातो.

तेव्हा हा शब्द कुठल्याही कायद्यात किंवा करारात दिसला की तीन गोष्टी विचाराव्यात. कोणाविरुद्ध अबाधित? कोणत्या क्षणापासून? कोणते अपवाद सोडून? तीन उत्तरं मिळाली नाहीत तर त्या शब्दाला जाहिरातीतल्या विशेषणापेक्षा जास्त किंमत देऊ नये.

संपादक

धागा संकल्पनेपुरता आहे. स्वतःच्या जमिनीचे, उताऱ्यांचे, भाऊबंदकीचे प्रश्न कृपया इथे नकोत.

तळटीप

चांगला विषय. मागची बाजू थोडी सांगतो, नाहीतर 'मागच्या व्यवहारातला दोष' म्हणजे काय ते कळणार नाही.

मालमत्तेच्या कायद्याचा मूळ नियम आपल्या म्हणीतच आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. दस्तनोंदणीच्या पद्धतीत सरकार फक्त दस्त नोंदवतं, म्हणजे असा कागद झाला आहे एवढंच सांगतं. मालक कोण ते सांगत नाही. ते खरेदीदाराने साखळी मागे मागे तपासत शोधायचं. साखळीतली एक सही बनावट निघाली की तिच्यापुढची सगळी खरेदीखतं कोसळतात. मधल्या पाच खरेदीदारांनी पूर्ण पैसे मोजले, प्रामाणिकपणे मोजले, तरी उपयोग नाही.

रॉबर्ट टॉरेन्स हा अ‍ॅडलेडला जकात खात्याचा प्रमुख होता. ब्रिटिश जहाजांची नोंदणी त्याच्या परिचयाची. तिथे जहाजाचे 64 हिस्से, एक नोंदवही, आणि वहीतली नोंद बदलली की मालक बदलला. जमिनीचंही असंच करा, असा त्याचा आग्रह. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा रिअल प्रॉपर्टी अ‍ॅक्ट 1858 साली आला. श्रेय एकट्या टॉरेन्सला द्यायचं की हॅम्बर्गची नोंदणी पद्धत माहीत असलेल्या उलरिख ह्युबे या जर्मन कायदेपंडिताला त्यात वाटा द्यायचा, हा वाद अजून चालतो.

या पद्धतीत हक्क नोंदणीतून जन्माला येतो. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात (तिथलं सर्वोच्च न्यायालय) 1971 साली ब्रेस्कवार विरुद्ध वॉल या खटल्यात मुख्य न्यायाधीश बारविक यांनी ते फार नेमकं मांडलं: ही हक्काची नोंदणी नाही, नोंदणीने मिळणारा हक्क आहे. म्हणजे आडात नसलेलं पाणी पोहऱ्यात येऊ शकतं. ही या पद्धतीची गंमतही आहे आणि तिच्यावरचा मुख्य आक्षेपही.

अर्धविराम

@तळटीप, म्हणजे बनावट सही करून माझी जमीन कोणी विकली आणि नोंद झाली, तर मी गेलो? हा कुठला न्याय?

उभी_रेघ

कुठल्या देशात आहात आणि नोंद कोणाच्या नावावर थांबली आहे, यावर उत्तर ठरतं. इथेच 'कोणत्या क्षणापासून' हा प्रश्न लागतो.

तीन माणसं घ्या. 'म' हा खरा मालक. 'त' हा तोतया, मची बनावट सही करून जमीन 'ख' ला विकतो. खने पैसे दिले, त्याला काही माहीत नाही, नोंद झाली. नंतर ख ती 'ग' ला विकतो, गचीही नोंद होते.

तात्काळ अबाधितता मानणाऱ्या ठिकाणी खच्या नोंदीच्या क्षणी खेळ संपतो. ख मालक. 'म' ला जमीन नाही, फक्त भरपाई.

विलंबित अबाधितता मानणाऱ्या ठिकाणी खचा दस्त बनावट म्हणून त्याची नोंद पाडता येते. पण जमीन गकडे गेली असेल तर ग वाचतो, कारण गने नोंदवहीतल्या मालकाकडून खऱ्या सहीने घेतली. म्हणजे दोषाला एक पायरी ओलांडावी लागते.

तात्काळ पक्षाचा पाया म्हणजे फ्रेझर विरुद्ध वॉकर, न्यूझीलंडहून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) गेलेला 1967 चा निकाल. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर. बायकोने नवऱ्याची सही स्वतःच ठोकून गहाणखत केलं आणि पैसे उचलले. हप्ते थकले, कर्ज देणाऱ्यांनी लिलाव केला, वॉकरने घर घेतलं, त्याच्या नावाची नोंद झाली. नवऱ्याला हे कळलं तेव्हा वॉकर ताबा मागत होता. निकाल असा की गहाणदारांची नोंद झाली त्याच क्षणी त्यांचं गहाण अबाधित झालं, सही खोटी असली तरी, आणि वॉकरचं तर झालंच. नवऱ्याचा हिस्सा गेला.

याच्या उलट बाजूला गिब्ज विरुद्ध मेसर, 1891, तेही प्रिव्ही कौन्सिलच. तिथे वकिलाने अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या नावे जमीन करून घेतली आणि त्या काल्पनिक माणसाच्या नावाने गहाण टाकून पैसे काढले. गहाणदार हरले, कारण ते नोंदणीकृत मालकाशी व्यवहारच करत नव्हते. मालक म्हणून जो नोंदला होता तो माणूसच नव्हता. पुढे बरीच कोर्टं हा निकाल 'काल्पनिक व्यक्तीपुरता' म्हणून बाजूला सारतात.

अर्धविराम

भरपाई कोण देतं? तोतया तर पळालेला असतो.

तळटीप

राज्य देतं. म्हणूनच टॉरेन्स पद्धतीची तीन तत्त्वं सांगतात: आरसा, पडदा आणि विमा. नोंदवही ही मालकीचा आरसा, तिच्या मागे बघायची गरज नाही हा पडदा, आणि आरसा चुकला तर राज्याच्या निधीतून भरपाई हा विमा. हे त्रिकूट थिओडोर रुऑफ या इंग्लिश नोंदणी अधिकाऱ्याने 1957 च्या सुमाराला मांडलं, टॉरेन्सने नव्हे. पुष्कळ टिपणांत ते टॉरेन्सच्या नावावर खपवलेलं असतं.

विम्याशिवाय तात्काळ अबाधितता म्हणजे शुद्ध अन्याय, हे माझं मत. निधी आहे का, आधी तोतयावर दावा लावून हात रिकामे राहिल्याचं दाखवावं लागतं की थेट निधीकडे जाता येतं, आणि भरपाई कोणत्या तारखेच्या भावाने, हे तपशील कलमांत खोल दडलेले असतात. पण ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी तेच खरे.

मोहर_नाही

मलेशियाचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. नॅशनल लँड कोड 1965, कलम 340. त्यात बनावट दस्ताने मिळालेला हक्क पाडता येतो असं म्हटलं आहे, आणि पुढे एक परंतुक आहे: नंतरचा सद्भावनेने, मोबदला देऊन घेणारा खरेदीदार सुरक्षित. साधं वाचलं तर ही विलंबित अबाधितता.

अ‍ॅडॉर्ना प्रॉपर्टीज खटल्यात मालकीण थायलंडची, जमीन पेनांगमध्ये. तोतया बाईने ती विकून टाकली. सर्वोच्च पातळीच्या फेडरल कोर्टाने 2000 च्या डिसेंबरात परंतुक असं वाचलं की पहिला खरेदीदारही त्यात बसतो. जमीन गेली. देशभर टीका झाली आणि खालची कोर्टं या निकालाला वळसा घालू लागली. शेवटी 2010 च्या जानेवारीत तान यिंग हाँग खटल्यात त्याच कोर्टाने आधीचा निकाल चूक होता असं स्पष्ट म्हटलं. शब्द तेच, कलम तेच. परंतुक कोणत्या उपकलमाला लागतं एवढ्यावर नऊ वर्षं मालक कोण हे उलटं ठरत होतं. परंतुक कशाला टांगलंय ते आधी बघा, हा धडा कुठल्याही कायद्याला लागू.

उभी_रेघ

+१. न्यूझीलंडने मधली वाट काढली, तेही नोंदवतो. लँड ट्रान्सफर अ‍ॅक्ट 2017 तात्काळ अबाधितता ठेवतो, पण नोंद तशीच राहणं उघडउघड अन्यायाचं ठरणार असेल तर ती रद्द करायचा मर्यादित अधिकार कोर्टाला देतो. केवळ सही बनावट आहे एवढ्यावर तो अन्याय धरायचा नाही, असंही कलमात आहे. म्हणजे मूळ मालक त्या घरात राहत होता का, पैशाने त्याचं समाधान होईल का, अशा गोष्टी दाखवाव्या लागतात.

रोखपाल

बँकेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

बनावट सहीचं गहाणखत नोंदलं गेलं, तात्काळ अबाधितता लागली, गहाण पक्कं झालं. बँक खूश. पण गहाण पक्कं म्हणजे नेमकी किती रक्कम पक्की? ते गहाणखतात लिहिलेल्या शब्दांवर अवलंबून.

पूर्वी गहाणखतातच आकडा असे: एवढे पैसे घेतले, एवढे फेडीन. नोंदीबरोबर आकडाही पक्का. मग बँकांनी सोयीसाठी साचा बदलला. गहाणखतात आकडा नाही, फक्त 'कर्जदार आमच्याशी केलेल्या कुठल्याही कराराखाली जे जे देणं लागेल ते' असा मजकूर. कर्जाचा करार वेगळा, आणि तो नोंदवहीत जात नाही. आता मालकाची सही गहाणखतावरही खोटी आणि कर्जकरारावरही खोटी. गहाणखताला नोंदणीने जीव दिला. कर्जकराराला कोणी दिला? कोणीच नाही. तो मुळातच रद्दबातल. मग मालक त्या कराराखाली काय देणं लागतो? शून्य. अबाधित गहाण, तारण रक्कम शून्य. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याची कोर्टं 2004 नंतर हेच धरत आली. 2008 साली प्रॉव्हिडंट कॅपिटल विरुद्ध प्रिंटी या प्रकरणात तिथल्या अपील कोर्टानेही धरलं.

कपाट उत्तम कुलूपबंद, आत काही नाही. दोष नोंदणी खात्याचा नाही, मसुद्याचा आहे. सहकर्जदार असला की आणखी गुंता होतो. दोघांपैकी एकाची सही खरी असेल तर 'तुम्ही' या शब्दाची व्याख्या 'दोघे मिळून' आहे की 'दोघांपैकी प्रत्येक', यावर तारण टिकतं की जातं ते ठरतं. गहाणखत वाचताना व्याख्यांचं पान आधी काढायचं ते यासाठी.

शिवाय त्याच राज्यात आता कर्ज देणाऱ्याने गहाण टाकणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी वाजवी पावलं उचलली पाहिजेत अशी सक्ती आहे. ती पाळली नसेल आणि सही बनावट निघाली तर निबंधकाला गहाणाची नोंद काढून टाकता येते. अबाधितता आता फुकट मिळत नाही, ती कमवावी लागते.

अर्धविराम

हे कपाटाचं पटलं. मग अपवाद नेमके कोणते? सगळीकडे 'फ्रॉड वगळता' लिहिलेलं असतं, पण बनावट सही हाच तर फ्रॉड आहे ना?

कागदी_घोडा

कपट कोणाचं, हा प्रश्न आहे. ज्याची नोंद पाडायची आहे त्याचं स्वतःचं किंवा त्याच्या एजंटाचं कपट लागतं. अ‍ॅसेट्स कंपनी विरुद्ध मेरे रोइही, 1905, तेव्हापासून हे पक्कं आहे: प्रत्यक्ष बेइमानी हवी आणि ती त्याच्या दारापर्यंत नेऊन दाखवायला हवी. वरच्या उदाहरणात कपट तने केलं, ख निर्दोष. म्हणून ख वाचतो.

नुसतं माहीत असणं हेही कपट नाही. जमिनीवर दुसऱ्याचा नोंद न झालेला हक्क आहे हे ठाऊक असूनही घेतली, तरी बहुतेक टॉरेन्स कायदे त्याला कपट म्हणत नाहीत. सामान्य माणसाला हे फार खटकतं. पण माहिती असणं वेगळं आणि 'तुझा हक्क आम्ही मानू' असं सांगून नोंद करून घ्यायची आणि मग हाकलायचं, हे वेगळं. लोके यू विरुद्ध पोर्ट स्वेटनहॅम रबर, 1913: 322 एकरांपैकी 58 एकर एकाकडे नोंद न झालेल्या कागदांवर. कंपनीने त्याचा हक्क राखू असं आश्वासन देऊन पूर्ण जमीन स्वतःच्या नावे केली आणि मग त्यालाच बाहेर काढायला निघाली. ते कपट ठरलं.

बाकीचे अपवाद भराभर: नोंदवहीत एकाच जमिनीची दोन पानं निघाली तर आधीचं पान, नोंदवहीत यायचा राहून गेलेला किंवा चुकीचा लिहिलेला वहिवाटीचा हक्क (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे), हद्दीचं चुकीचं वर्णन, म्हणजे शेजारचा तुकडा चुकून तुमच्या पानात आला तर तो अबाधित होत नाही, ताब्यातल्या भाडेकरूचे अल्प मुदतीचे पट्टे, न्यू साउथ वेल्समध्ये कमाल तीन वर्षांचे, आणि नंतर आलेल्या दुसऱ्या कायद्याने लादलेले कर आणि बोजे.

मोहर_नाही

एक राहिलं, आणि व्यवहारात तेच जास्त उपयोगी पडतं. मालकाचं स्वतःचं वचन. अबाधितता जगाविरुद्ध असते, स्वतःच्या शब्दाविरुद्ध नाही. तुम्ही विक्रीचा करार केलात किंवा विश्वस्त म्हणून जमीन धरलीत, तर 'माझी नोंद अबाधित आहे' म्हणून करार मोडता येत नाही.

बाहर विरुद्ध निकोले, ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट, 1988. जमीन विकली, तीन वर्षांनी परत विकत घ्यायचा करार ठेवून. खरेदीदाराने मधेच तिसऱ्याला विकली. तिसऱ्याच्या करारात या परतखरेदीचा उल्लेख होता आणि ती मान्य असल्याचं कलमही. नोंद झाल्यावर तिसरा फिरला, पण कोर्टाने त्याला बांधून घेतलं. न्यायाधीशांची कारणं वेगवेगळी होती, काहींना तर यात कपटही दिसलं, पण निकाल एकच. उल्लेख आणि मान्यता यांत फरक आहे. खरेदीदाराच्या करारात 'उल्लेख केला आहे' एवढंच असेल तर बांधणं कठीण. 'बांधील राहील' असं लिहून घ्या.

तळटीप

अजून एक भेग: फुकट मिळालेली जमीन. खने मोबदला न देता बक्षीस म्हणून घेतली असेल तर? न्यू साउथ वेल्समध्ये बक्षीसवाल्यालाही अबाधित हक्क, व्हिक्टोरियात नाही. शेजारशेजारची राज्यं, एकाच वंशाचे कायदे, उत्तरं उलटी.

जुना_शिक्का

इंग्लंडमध्ये 2002 च्या जमीन नोंदणी कायद्याने प्रतिकूल ताबा (मालक नसताना वर्षानुवर्षं ताबा ठेवून मालकी मिळवणं) रद्दच केला, त्यामुळे तिथे हक्क पूर्ण अबाधित आहे. हा मुद्दा कोणी घेतला नाही.

उभी_रेघ

@जुना_शिक्का, दोन्ही वाक्यांत दुरुस्ती.

नोंदणीकृत जमिनीवर आता नुसता काळ लोटला म्हणून मालकी जात नाही, इथवर बरोबर. पण प्रतिकूल ताबा आहे. 10 वर्षांच्या ताब्यानंतर ताबेदार अर्ज करू शकतो. खात्याकडून मालकाला नोटीस जाते आणि विरोध नोंदवायला 65 कामकाजाचे दिवस मिळतात. विरोध केला की बहुतेक अर्ज तिथेच मरतात. पण विरोधानंतर मालकाने ताबा परत घेण्यासाठी काहीच केलं नाही आणि ताबेदार आणखी दोन वर्षं तसाच बसला, तर दुसरा अर्ज सहसा मंजूर होतो. चुकतं कुठे? नोटीस नोंदवहीतल्या पत्त्यावर जाते. पत्ता वीस वर्षं जुना असला तर ती परक्याच्या दारात पडते आणि मालकाला पत्ता लागत नाही. शब्दशः. नोंदवहीत तीन पत्ते ठेवता येतात, ईमेलसुद्धा. ती फुकटची सोय फार कमी लोक वापरतात.

दुसरं, इंग्लंडमध्ये 'पूर्ण अबाधित' नाही. कलम 58 नोंदीला मालकी देतं, बनावट दस्तातून आली तरी. पण परिशिष्ट 4 चुकीची नोंद दुरुस्त करू देतं. ताब्यात असलेल्या मालकाविरुद्ध मात्र दुरुस्ती सहसा नाही, जोवर त्याने कपटाने किंवा हलगर्जीपणाने चुकीला हातभार लावला नाही, किंवा दुरुस्ती न करणं अन्यायाचं ठरत नाही. थोडक्यात, तिथे प्रश्न 'आत कोण राहतंय' असा असतो. ज्याला जमीन मिळत नाही त्याला परिशिष्ट 8 खाली भरपाई.

जुना_शिक्का

मान्य. 'रद्द' हा शब्द मागे घेतो.

अर्धविराम

मृत्युपत्रांतही हा शब्द येतो, 'अबाधितपणे निहित'. तो हाच का?

तळटीप

शब्द तोच, काम वेगळं. तिथे नोंदणीचा संबंध नाही. पुढे मिळणारा वाटा आजच पक्का झाला आहे का, एवढंच बघायचं. इंग्रजी वळणाच्या कायद्यात चार वाक्यं शेजारी ठेवली की कळतं.

'घर बायकोला हयातभर, मग बाळूला.' बाळूचा वाटा आजच पक्का, कुठलीच अट नाही. तो बायकोच्या आधी वारला तरी वाटा त्याच्या वारसांना जातो. हा अबाधितपणे निहित.

'हयातभर बायकोला, मग बाळूला, पण बाळू तिच्या आधी वारला तर शकूला.' बाळूचा वाटा निहित आहे, पण उसवता येण्याजोगा. 'पण' शब्दात उसवणीचा धागा आहे.

'मग माझ्या बहिणीच्या मुलांना.' आज दोन मुलं आहेत, उद्या तिसरं झालं की दोघांचे वाटे आकसतात. अंशतः उसवणारा.

'मग बाळूला, जर तो 25 वर्षांचा झाला तर.' हा निहितच नाही, सशर्त आहे. अट आधी, हक्क नंतर.

दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यात ऐकायला फारसा फरक नाही, परिणाम मात्र खूप वेगळा. हक्क देऊन 'पण' ने काढून घेतला की निहित. 'जर' ची अट पार झाल्यावरच दिला की सशर्त. कर, धनकोची जप्ती, वारसांचा हक्क, सगळं यावर फिरतं. मसुदा करणाऱ्याने 'पण' आणि 'जर' जपून वापरावेत.

रोखपाल

आणि टेलिकॉममधला आयआरयू, म्हणजे 'वापराचा अबाधित हक्क'. समुद्राखालच्या केबलवर किंवा जमिनीतल्या फायबरवर घेतात. मुदत साधारण 15 ते 25 वर्षं, कारण समुद्री केबलचं आयुष्य 25 वर्षं धरून आखलेलं असतं. मोठी रक्कम एकदम आधी, वर दरवर्षी देखभालीचा वाटा.

इथे अबाधित शब्दामागे कुठलीच नोंदवही नाही, राज्याची हमी नाही. तो फक्त कराराचा शब्द आहे: मालक मनात आलं म्हणून हक्क काढून घेणार नाही. केबलचा मालक दिवाळखोरीत गेला की खरी परीक्षा. प्रशासक हा करार बोजा म्हणून झटकू शकतो का, हे तिथल्या दिवाळखोरी कायद्यावर ठरतं, आणि आगाऊ पैसे भरलेला माणूस इतर धनकोंच्या रांगेत उभा राहू शकतो. म्हणून करारात बघायचं: फायबरची जोडी नंबर देऊन ठरवली आहे की नुसती क्षमता, केबल विकली तर नवा मालक बांधील आहे का, केबल तुटली तर दुरुस्ती किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, मुदतीआधी केबल निवृत्त केली तर परतावा किती. हिशेबालाही हा फरक लागतो. आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकाप्रमाणे विशिष्ट जोडी ही ओळखता येणारी मालमत्ता, ती भाडेपट्टा धरता येते. जवळपास सगळी क्षमता एकाच ग्राहकाची असेल तर गोष्ट वेगळी, एरवी क्षमतेचा नुसता हिस्सा भाडेपट्टा नव्हे.

जुना_शिक्का

विषयांतराचा धोका पत्करून: या शब्दाचा सगळ्यात मोठा पराभव राजगादीवर झाला. इंग्लंडच्या स्टुअर्ट राजघराण्याच्या पक्षाचा सिद्धांत होता की गादीचा वंशपरंपरागत हक्क अबाधित, संसदेलाही तो मोडता येत नाही. 1689 चं बिल ऑफ राइट्स आणि 1701 चा अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट यांनी तो मोडला आणि वारसाक्रम कायद्याने ठरवला. गंमत म्हणजे शब्द मेला नाही, लोकांकडे गेला. 1776 च्या व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात सरकार बदलण्याचा किंवा बरखास्त करण्याचा बहुसंख्य जनतेचा हक्क अबाधित म्हटला आहे, आणि आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आपल्या शासनाचं रूप ठरवण्याचा राष्ट्राचा हक्क.

अर्धविराम

विषयांतर आवडलं. शेवटचं विचारतो. टॉरेन्स पद्धतीच्या ठिकाणी पैसे दिले, किल्ली घेतली, म्हणजे अबाधित झालं ना?

उभी_रेघ

नाही, आणि इथेच जास्त माणसं पडतात. अबाधितता नोंदीने येते, पैशाने नाही. पैसे देणं आणि नोंद होणं यांच्यामधल्या दिवसांत तुमच्याकडे फक्त करारावरचा हक्क असतो. त्या फटीत दुसऱ्याचं गहाण, जप्ती किंवा दुसरा खरेदीदार आधी नोंदला गेला तर तो तुमच्या पुढे.

क्रम असा ठेवायचा. करार झाल्या दिवशी नोंदवहीचा उतारा काढा आणि आधीचं पानही, कारण पान फोडताना बोजे गळतात. जागेवर जाऊन ताब्यात कोण आहे ते बघा. भाडेकरू आणि पायवाटा नोंदवहीत नेहमी दिसतातच असं नाही. मोजणी करून घ्या, हद्दीला अबाधितता नाही. मग कराराच्या आधारे नोंदवहीत कॅव्हिएट (हक्काचा इशारा) किंवा प्राधान्याची सूचना टाका. पैसे द्यायच्या सकाळी उतारा पुन्हा काढा, आठवड्यापूर्वीचा चालत नाही. आणि दस्त त्याच दिवशी दाखल करा.

इंग्लंडमध्ये ही फट अधिकृत शोधाने, म्हणजे नोंदणी खात्याकडून नोंदवही तपासून घेऊन, भरतात. प्राधान्यासह शोध घेतला की 30 कामकाजाचे दिवस मिळतात, त्या काळात मागून आलेली नोंद तुमच्या पुढे जात नाही. चूक अशी होते: तिसावा दिवस जवळ आला की लोक नवा शोध घेतात आणि मुदत वाढली असं समजतात. वाढत नाही. नवा शोध म्हणजे नवं प्राधान्य, आणि पहिल्या शोधाच्या काळात कोणी मधे अर्ज ठेवून बसलं असेल तर ते आता तुमच्या आधी. अर्ज पहिल्याच मुदतीत पोचला पाहिजे, तोही नीट भरलेला. फी किंवा सही राहिली म्हणून परत आला आणि तोवर मुदत संपली तर प्राधान्य गेलं.